एअर फ्रायरमधला भाज्यांचा कॅसरोल वरून करपतो आणि आत पाणी सुटते, काय करावे?

गिरणाकाठची (जळगाव)

नमस्कार. दिवाळीत घेतलेला एअर फ्रायर आमच्याकडे आजवर पापड भाजणे, बटाट्याच्या काचऱ्या करणे आणि उरलेले समोसे गरम करणे एवढ्यापुरताच वापरात होता. आता वैशाखात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि संध्याकाळी साडेसातलाही स्वयंपाकघराच्या भिंती तापलेल्या असतात. अशा वेळी गॅससमोर तासभर उभे राहण्यापेक्षा एकाच भांड्यात भाज्या, व्हाईट सॉस आणि चीज घालावे, ते भांडे एअर फ्रायरमध्ये ठेवावे आणि आपण अंगणात जाऊन बसावे, असा विचार मी केला. माझ्या दहा वर्षांच्या मुलाने हा कॅसरोलचा प्रकार एका लग्नाच्या जेवणात ‘बेक्ड व्हेजिटेबल’ या नावाने खाल्ला होता आणि घरी गिलके (घोसाळे) किंवा दुधीचे नाव काढले तरी तोंड फिरवणाऱ्या या मुलाने तेथे दोनदा वाढून घेतले होते, हेही एक कारण होते.

मी केलेली कृती अशी. फ्लॉवरचे तुरे, गाजराचे तुकडे, वाटाणे, थोडा दुधी आणि दोन टोमॅटो हे सर्व कच्चेच घेतले, त्याला मीठ-मिरपूड लावली आणि कुकरच्या डब्यात जवळजवळ काठापर्यंत भरले. त्यावर पातळसर व्हाईट सॉस ओतला आणि सर्वांत वर किसलेले चीज पसरले. आमचा एअर फ्रायर ४ लिटरचा व १५०० वॉटचा आहे. तापमान २०० अंश आणि वेळ २० मिनिटे लावली. सातव्या मिनिटालाच चीज गडद तपकिरी झाले, म्हणून मी वरून फॉईलचा तुकडा सैलसर टाकला, तर तो आतल्या वाऱ्याने उडून वरच्या कॉइलला जाऊन चिकटला आणि मला घाईने बटण बंद करावे लागले. अखेर २० मिनिटांनी भांडे बाहेर काढले तेव्हा वरचा थर कोळशासारखा झाला होता, फ्लॉवर कच्चा होता, आणि तळाशी साचलेल्या पाण्यात नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या तरंगत होत्या. आमच्या सासूबाई अमळनेरच्या आहेत. त्यांनी डब्यात डोकावून “हाई काय शे?” एवढेच विचारले. प्रश्न अगदी साधेपणाने विचारलेला होता, पण मला उत्तर सुचले नाही.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे की भाज्या आधी शिजवून घ्याव्यात काय, आणि शिजवायच्याच असतील तर मग यात झटपट काय राहिले? भांडे कोणते व केवढे असावे? सॉस फाटू नये म्हणून काय करावे? आणखी एक गोष्ट म्हणजे हा एअर फ्रायर मी मिक्सरच्याच सॉकेटला लावते आणि काल प्लग काढताना तो चांगलाच गरम लागला. हे नेहमीचेच आहे की काळजीचे?

तापीतीर (भुसावळ)

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो, कारण फसलेला कॅसरोल उद्या पुन्हा करता येईल, पण जळालेली वायरिंग दुरुस्त करणे महाग पडेल. माझे आयुष्य रेल्वेच्या विद्युत विभागात गेले, त्यामुळे माझी नजर पदार्थाआधी प्लगवर जाते.

१५०० वॉटचे उपकरण आपल्याकडच्या २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर वीज ओढते. मिक्सरसाठी ओट्यावर बसवलेले लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते, म्हणजे तुम्ही त्याच्या क्षमतेपेक्षा अधिक भार पंचवीस-तीस मिनिटे सलग देत आहात. प्लग गरम होण्याचे कारण हेच आहे, आणि सॉकेटच्या आतली पकड सैल झाली असेल तर तो आणखी तापतो. गिझर किंवा इस्त्रीसाठी असते तसे १६ अँपिअरचे मोठे सॉकेट, त्याला साजेशा जाड वायरसह, ओट्याजवळ बसवून घ्यावे. मल्टिप्लग किंवा एक्स्टेंशन बोर्ड तर मुळीच वापरू नये. विजेच्या खर्चाची चिंता मात्र करू नये. १५०० वॉटचे यंत्र २५ मिनिटे अखंड चालले तरी साधारण ०.६ युनिट होते, आणि ठरलेले तापमान गाठल्यावर कॉइल मधून मधून बंद होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच लागते.

आता करपण्याविषयी. एअर फ्रायर म्हणजे वस्तुतः लहानसा ओव्हनच आहे. वर कॉइल, कॉइलवर पंखा आणि खाली जाळीची टोपली, एवढीच त्याची रचना आहे. पंखा तापलेली हवा जोराने खाली ढकलतो, ती पदार्थाच्या सर्व बाजूंनी फिरते, जाळीतून खालीही जाते आणि पुन्हा वर खेचली जाते. बटाट्याच्या काचऱ्या सर्व बाजूंनी कुरकुरीत होतात त्या याचमुळे. तुम्ही त्याच टोपलीत काठोकाठ भरलेला डबा ठेवला तेव्हा हवेची खालची वाट बंद झाली आणि सगळी उष्णता वरच्या थरावर आदळत राहिली. शिवाय डबा भरलेला असल्याने चीज कॉइलच्या अगदी जवळ गेले. डब्याच्या आत मात्र पाणी आहे, आणि जेथे पाणी आहे तेथे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, मग बाहेर २०० लावा की १६०. म्हणजे जास्त तापमान लावून तुम्ही आतला फ्लॉवर लवकर शिजवत नव्हता, केवळ वरचे चीज लवकर जाळत होता.

यावरून भांड्याचे उत्तर निघते. भांडे उंच नको, पसरट हवे. कडेने सर्व बाजूंना निदान एक बोट जागा मोकळी राहील असे घ्यावे आणि त्यात पदार्थाचा थर दोन इंचांपेक्षा जाड होऊ देऊ नये. स्टीलचा उथळ डबा किंवा केकचा टिन उत्तम. काचेचे भांडे घ्यायचे असेल तर ते ओव्हनसाठीचेच असावे आणि फ्रिजमधून काढून थेट आत ठेवू नये, ते तडकते. जर्मनचे (ॲल्युमिनियमचे) भांडे उष्णता चांगली वाहून नेते, परंतु टोमॅटो किंवा दही घातलेला पदार्थ त्यात ठेवू नये. फॉईल वापरायचीच असेल तर ती भांड्याच्या काठाखाली घट्ट दुमडावी. सैल फॉईल, सैल कागद आणि रिकाम्या टोपलीत घातलेला बटर पेपर या तिन्ही गोष्टी पंखा वर ओढून घेतो. तुमचे प्रसंगावधान चांगले म्हणायचे.

पांझरेकरीण (धुळे)

काकांनी यंत्राची बाजू सांगितली आहे, म्हणून मी स्वयंपाकाची सांगते. तुमची खरी अडचण भाज्यांमधल्या पाण्याची आहे, ताई. दुधी आणि टोमॅटो यांच्यात शंभर भागांपैकी पंच्याण्णवच्या आसपास पाणीच असते, फ्लॉवरमध्येही नव्वदीच्या वर असते. त्यात तुम्ही कच्च्या भाज्यांना आधी मीठ लावले, म्हणजे ते पाणी बाहेर यायला तुम्हीच वाट करून दिली. उघड्या कढईत हे पाणी आटून जाते. खोल डब्यात, वर सॉस आणि चीजचे झाकण असताना, ते जाणार कोठे? सॉस फाटला त्याला टोमॅटोचा आंबटपणा कारण झाला, कारण पातळ सॉसमध्ये पीठ कमी असते आणि आंबट रसाबरोबर तापलेले दूध नासते.

भाज्या आधी शिजवाव्यात काय, असे तुम्ही विचारले आहे. होय, परंतु त्या पाण्यात उकडू नयेत आणि त्यासाठी गॅसही पेटवू नये. ज्या टोपलीत डबा ठेवणार आहात त्याच टोपलीत त्या आधी मोकळ्या पसरून भाजून घ्याव्यात. हवा सर्व बाजूंनी लागते, वरचे पाणी उडते, कडा किंचित तपकिरी होतात आणि कॅसरोलला जी चव येते ती मुख्यतः या तपकिरी कडांची असते. माझ्या घरी चार माणसांसाठी प्रमाण असे असते. फ्लॉवरचे लहान तुरे दोन वाट्या, गाजराचे एक सेंटिमीटरचे तुकडे एक वाटी, एका बटाट्याच्या त्याच आकाराच्या फोडी, एक ढोबळी मिरची आणि अर्धी वाटी वाटाणे. ढोबळी मिरची आणि वाटाणे बाजूला ठेवून बाकीच्या भाज्यांना दोन चहाचे चमचे तेल चोळावे, मीठ लावू नये, आणि १८० अंशांवर १० मिनिटे भाजावे. मध्येच एकदा टोपली हलवावी. मग ढोबळी मिरची घालून आणखी ४ मिनिटे. वाटाणे लहान असल्याने सुकून छर्ऱ्यासारखे होतात, म्हणून ते भाजू नयेत, पाच मिनिटे गरम पाण्यात ठेवून निथळून घ्यावेत. बटाट्याची फोड सुरीच्या टोकाने सहज तुटली की सर्व भाज्या तयार आहेत असे समजावे, कारण यांत सर्वांत उशिरा शिजणारा तोच आहे.

भाज्या भाजल्या जात असताना सॉस होतो, म्हणून वेगळा वेळ जात नाही. एक मोठा चमचा लोणी, तितकाच मैदा आणि एक वाटी दूध हे नेहमीचे प्रमाण. मी मैद्याऐवजी ज्वारीचे पीठ दीड चमचा घेते. लोण्यावर पीठ मंद आचेवर दोन मिनिटे परतावे, दूध थोडे थोडे घालून घोटावे आणि सॉस एकदा उकळू द्यावा. ही उकळी चुकवू नये, कारण पिठातला स्टार्च उकळीजवळ पोहोचल्याशिवाय पूर्ण फुगत नाही आणि तो न फुगलेला सॉस पुढे भांड्यात पातळच राहतो. चमच्याच्या पाठीवर जाड थर बसला पाहिजे. मीठ सर्वस्वी या सॉसमध्येच घालावे. त्यात मिरपुडीबरोबर पाव चमचा आपला काळा मसाला घातला तर पदार्थ परका वाटत नाही, आणि सासूबाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथेच मिळते.

पाच मिनिटांसाठीसुद्धा गॅस लावायचा नसेल तर दह्याचा सॉस करता येतो. एक वाटी घट्ट, टांगून पाणी काढलेले दही घ्यावे आणि त्यात एक मोठा चमचा आधी भाजून ठेवलेले बेसन गुठळी न ठेवता फेटावे. नुसते दही तापले की फुटते, हे कढी करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे, आणि बेसन त्याला कढीत जसे सावरते तसेच येथेही सावरते. बेसन कच्चे मात्र घालू नये, एवढ्या कमी वेळात त्याचा कच्चा वास जात नाही.

भाजलेल्या भाज्या सॉसमध्ये कालवून पसरट भांड्यात ओताव्यात आणि चीज न घालताच १६० अंशांवर १० मिनिटे ठेवावे. कडेने बुडबुडे दिसू लागले की मग चीज पसरावे आणि १८० अंशांवर ३ ते ४ मिनिटे द्यावीत. त्यापुढे एक मिनिटही नको. टोमॅटो हवाच असेल तर बिया काढून, पातळ चकत्या करून, चीजच्या थोडा आधी वर मांडावा. ब्रेडचा चुरा वरून घालण्याची पद्धत आहे, पण कोरडा चुरा पंख्याने उडून सर्वत्र पसरतो, तेव्हा तो चमचाभर तेलात किंवा लोण्यात कालवूनच घालावा. भांडे बाहेर काढल्यावर पाच मिनिटे तसेच राहू द्यावे. सॉस त्या पाच मिनिटांतच बसतो, आणि घाईने वाढला तर उत्तम जमलेला कॅसरोलही पातळ वाटतो.

एकूण वेळ अर्धा तास होतो. तुम्ही त्याला झटपट म्हणाल की नाही ते मी तुमच्यावर सोडते, परंतु त्यापैकी वीस-पंचवीस मिनिटे तुम्ही अंगणात बसू शकता.

नंदुरबारी तिखट

माझा अनुभव लहान आहे, पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आपल्याकडे बहुतेक घरांत कॅसरोल म्हणजे पोळ्या गरम ठेवण्याचा डबा. गेल्या वर्षी पत्नी माहेरी गेली असताना मी एका ठिकाणी वाचलेली कृती करायला घेतली. तीत ‘मिश्रण कॅसरोलमध्ये घालून एअर फ्रायरमध्ये ठेवा’ असे स्पष्ट लिहिले होते, आणि मी त्याप्रमाणे पोळ्यांचा डबा, झाकण काढून, आत बसवला. डब्याच्या आत स्टील असले तरी बाहेर प्लास्टिक असते, ही गोष्ट मला वासावरून समजली. मूळ शब्द फ्रेंच आहे आणि इंग्रजीत त्याचा अर्थ ओव्हनमध्ये ठेवायचे खोलगट भांडे व त्यात शिजलेला पदार्थ असा दोन्ही होतो, हे पत्नीने परत आल्यावर मला सविस्तर समजावून सांगितले.

पांझरेकरीण ताईंच्या कृतीत एक भर घालतो. मिरपुडीऐवजी आमच्या बाजारातली सुकी लाल मिरची जाडसर कुटून घालावी, पण ती सॉसमध्ये कालवावी. वरून भुरभुरली तर वाऱ्याने उडते आणि टोपली उघडताच घरभर ठसका लागतो.

गिरणाकाठची (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. काका, इलेक्ट्रिशियनला उद्याच बोलावले आहे आणि तोपर्यंत एअर फ्रायर बंद ठेवला आहे.

दोन शंका राहिल्या आहेत. आमच्या सासूबाई कांदेनवमीनंतर चातुर्मास संपेपर्यंत कांदा, लसूण आणि वांगे खात नाहीत, आणि पावसाळ्यात फ्लॉवर-वाटाणा महाग असतो व चांगलाही मिळत नाही. त्या दिवसांत बाजारात गिलके, दोडके, भेंडी, गवार आणि गंगाफळ (लाल भोपळा) हेच मुबलक असते. यांचा कॅसरोल होईल काय? दुसरी शंका अशी की सकाळी सातला मुलाचा डबा द्यायचा असतो, तेव्हा हे सर्व आदल्या रात्री करून ठेवता येईल काय?

पांझरेकरीण (धुळे)

होईल, पण सर्वांचा नाही. गंगाफळ या पदार्थासाठी फ्लॉवरपेक्षाही सरस आहे असे माझे मत आहे, कारण ते भाजल्यावर गोडसर होते आणि आतून लोण्यासारखे मऊ पडते. त्याच्या दोन सेंटिमीटरच्या फोडी १८० अंशांवर १० ते १२ मिनिटांत होतात. मक्याचे कणीस त्याच दिवसांत मिळते, त्याचे दाणे वाफवून घालावेत. गवार कोवळी असेल तरच घ्यावी आणि ती आधी वाफवावी, नुसत्या गरम हवेत तिचे दोर चिवट होतात. भेंडीची बुळबुळ भाजल्यावर बरीच कमी होते, परंतु सॉसमध्ये पडली की ती पुन्हा मऊ पडते, म्हणून मी भेंडी घालत नाही. गिलक्याची आणि दोडक्याची तर मला भीती वाटते. ते भाजताना पाणी सोडतात, सॉसमध्ये सोडतात आणि ताटात वाढल्यावरही सोडतात. तरीही मुलाच्या पोटात गिलके घालायचेच असेल तर त्याच्या जाड चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटे ठेवावे, हाताने घट्ट पिळून मगच भाजावे, आणि त्या हिशेबाने सॉसमधले मीठ कमी करावे.

पाण्यावर माझ्या आईचा एक उपाय आहे. तिने एअर फ्रायर कधी पाहिला नाही, पण उरलेली पोळी वाया जाऊ नये याबाबत तिचा कटाक्ष असे. भांड्याला तेलाचा हात लावून तळाशी शिळ्या पोळीचे किंवा ज्वारीच्या भाकरीचे तुकडे एकसारखे पसरावेत आणि त्यावर भाज्या व सॉस ओतावा. भाज्यांमधून जो काही रस खाली उतरतो तो हे तुकडे पिऊन घेतात, आणि वाढताना खालचा थर मऊ व घट्ट निघतो. या थरामुळे वेगळी पोळी लागत नाही, डब्यासाठीही हे सोयीचे. आदल्या दिवशीचा मोकळा भातही चालतो. कांदा-लसणाशिवाय सॉस फिका वाटत असेल तर लोण्यात पीठ परतण्याआधी चिमूटभर हिंग आणि थोडे जिरे घालावे.

रात्री भाज्या भाजून, सॉस करून, दोन्ही पूर्ण थंड झाल्यावर वेगवेगळ्या डब्यांत फ्रिजमध्ये ठेवावे. एकत्र करून ठेवू नये, सॉस रात्रभरात पातळ होतो. सकाळी कालवून स्टीलच्या भांड्यात घालावे. गार असल्यामुळे १६० अंशांवर १० ऐवजी १५ मिनिटे लागतील. उन्हाळ्यात मात्र दुधाच्या सॉसचा पदार्थ सकाळी सातला भरून दुपारी एकला खायला देऊ नये, आपल्या भागातल्या उकाड्यात तो टिकणार नाही. डब्यासाठी हा प्रकार थंडीच्या दिवसांतच करावा.

सातपुडा पायथा (यावल)

चर्चा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. खान्देशात भाज्यांचा पदार्थ भाजण्याविषयी एवढे बोलणे झाले आणि चातुर्मास सोडून उरलेल्या आठ महिन्यांत खायच्या वांग्याचा कोणी विचारही केला नाही, याचे आश्चर्य वाटते. आमच्या बामणोदच्या बाजूची फिकट हिरवी, मोठी वांगी भरतासाठी प्रसिद्ध आहेत. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. या वांग्यात बिया कमी आणि गर भरपूर असतो, म्हणून तो भाजल्यावर कडवट न होता घट्ट व गुळगुळीत होतो, आणि कॅसरोलच्या खालच्या थराला नेमके हेच हवे असते.

पद्धत सोपी आहे. मध्यम आकाराच्या वांग्याला सुरीने सर्व बाजूंनी पाच-सहा ठिकाणी खोल टोचावे, कारण आत वाफ कोंडली तर ते टोपलीतच फुटते. त्याच भोकांमध्ये लसणाच्या पाकळ्या खोचाव्यात, तेल लावावे आणि १९० ते २०० अंशांवर २५ मिनिटांच्या आसपास ठेवावे. मध्ये एकदा उलटावे. देठाजवळ दाबल्यावर बोट सहज आत गेले पाहिजे. साल काढून गर चाळणीत दहा मिनिटे निथळत ठेवावा, भाजलेल्या हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचावा, पातीचा कांदा आणि भाजलेले शेंगदाणे मिसळावेत आणि भांड्याच्या तळाशी पसरावा. त्यावर पांझरेकरीण ताईंच्या भाजलेल्या भाज्या व दह्याचा सॉस. चीज मात्र घालू नये. माझ्या मते चीज वांग्याची चव झाकून टाकते आणि त्याऐवजी वर भरडलेले शेंगदाणे व तीळ तेलात कालवून शेवटची दोन मिनिटे लावले तर तितकाच खमंग थर मिळतो.

येथे एक खुलासा करणे आवश्यक समजतो. हे मी कॅसरोलसाठी सांगतो आहे, भरतासाठी नाही. भरताचे वांगे शेतात तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांवर भाजले जाते, साल जळते आणि धूर गरात उतरतो. एअर फ्रायरमध्ये वांगे शिजते, सुरकुतते, पण त्यात धूर कोठून येणार? तेव्हा उद्या कोणी एअर फ्रायरचे भरीत करून माझ्याकडे बोट दाखवू नये.

पांझरेकरीण (धुळे)

वांग्याचा थर मी अवश्य करून पाहीन. शेंगदाणे-तिळाचेही पटते. चीजबाबत मात्र दादा, तुमच्या घरात दहा वर्षांचे मूल नसावे असे वाटते. ताईंच्या मुलाने लग्नात दोनदा वाढून घेतले ते चीजसाठीच घेतले असणार.

तापीतीर (भुसावळ)

एक सूचना राहिली होती. पदार्थ आत ठेवण्याआधी एअर फ्रायर तीन-चार मिनिटे रिकामा तापवून घ्यावा. आणि ताई, त्या दिवशी फॉईल कॉइलला चिकटली होती, तेव्हा यंत्र पूर्ण गार झाल्यावर, प्लग काढून, उलटे करून कॉइलजवळ फॉईलचा कपटा किंवा चीज राहिले आहे काय ते पाहावे. ओल्या फडक्याने हलकेच पुसावे, पाणी ओतू नये. तेथे चीज राहिले असेल तर पुढच्या प्रत्येक पदार्थाला जळका वास येत राहील.

गिरणाकाठची (जळगाव)

नवे सॉकेट बसले. काकांनी सांगितल्याप्रमाणे कॉइल तपासली तर एका कोपऱ्यात चीजचा जळालेला ठिपका आणि बोटाएवढा फॉईलचा तुकडा खरोखरच होता. तो चिमट्याने काढला.

रविवारी पुन्हा कॅसरोल केला. तळाशी ज्वारीच्या शिळ्या भाकरीचे तुकडे, त्यावर आधी भाजलेले फ्लॉवर, गाजर, बटाटा व थोडे गंगाफळ, आणि ज्वारीच्या पिठाचा सॉस. भांडे म्हणून केकचा सात इंचांचा टिन वापरला आणि त्यात थर दोन इंचांच्या आतच ठेवला. चीज निम्म्या भागावर घातले आणि निम्म्या भागावर शेंगदाणे-तिळाचा भरड, म्हणजे धुळे आणि यावल दोघांचाही मान राहिला. या वेळी तळाशी पाणी अजिबात नव्हते. भाकरीचे तुकडे फुगून सॉसमध्ये असे मिसळून गेले होते की ते काय आहे हे मुलाला ओळखता आले नाही. मुलाने चीजची बाजू संपवली आणि गंगाफळाच्या फोडी निवडून ताटाच्या कडेला ठेवल्या, हे प्रामाणिकपणे सांगते. सासूबाईंनी शेंगदाण्यांची बाजू घेतली आणि काळा मसाला अजून थोडा चालला असता असे म्हणाल्या.

एक चूक राहिली. फोडी भाजताना टोपली फार भरली होती, म्हणून खालचा बटाटा जरा घट्ट राहिला आणि भाजण्याचा वेळ चार मिनिटे वाढवावा लागला. पुढच्या रविवारी भाज्या दोन खेपांत भाजणार आहे आणि गंगाफळ किसून सॉसमध्येच घालणार आहे, म्हणजे ते निवडता येणार नाही.